धार महिन्यावर नाही, टाकीवर

भाऊ, महिन्यातून किती वेळा धार लावायची विचारलंस, पण चेनसॉचा, म्हणजे लाकूड कापायच्या चेनवाल्या मशीनचा, हिशोब पेट्रोलच्या टाकीवर चालतो. पेट्रोल भरायला मशीन बंद केलं की चेन बघायचीच. एक-दोन टाक्यांमागे प्रत्येक दाताला गोल कानशीचे दोन-तीन हात पुरतात.

खरी खूण भुशात. जाड ढलप्या उडतायत तोवर चालू दे. पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला, मशीन दाबावं लागलं, की धार गेली. वाळक्या बाभळीत ती लवकर जाते. आणि चेन मातीला टेकली तर टाकी संपायची वाट बघू नको, तिथेच थांब. यावलकडे बांधावरच्या बाभळीने जुनी कुंपणाची तार गिळलेली होती. माझी कोरी चेन दोन मिनिटांत बोथट!

नवखे इथे चुकतात:
- कानस मागेपुढे घासतात. पुढे ढकलायची, परत आणताना उचलायची.
- एका बाजूच्या दातांना जास्त हात देतात, मग काप तिरका जातो.
- चेनला गाडीचं जळकं ऑइल घालतात. नको.

एअर फिल्टर रोज संध्याकाळी साफ कर, आपल्याकडच्या उन्हाळी फुफाट्यात दुपारीही. दातापुढच्या त्या छोट्या उंचवट्याला मात्र सध्या कानस लावू नकोस, ते नंतर. हातमोजे घातलेस ना?