स्ट्राँगमनचं सामान : आधी काय घ्यायचं

स्ट्राँगमन, म्हणजे अवजड वस्तू उचलण्या-वाहण्याचा ताकदीचा खेळ. त्याच्या सामानाची जी यादी तू केलीयस, तीत अ‍ॅटलस स्टोन, म्हणजे उचलायचा जड गोल गोळा, सगळ्यात वर आहे. ओढ समजते, पण सुरुवात सँडबॅगने कर. ती रिकामी मिळते, वाळू आपण भरायची आणि ताकद वाढेल तशी वाढवायची. जमिनीवरून उचलणं, छातीशी कवटाळून चालणं, खांद्यावर टाकणं, सगळं तिच्यावर शिकता येतं. शिवण दुहेरी आहे ना, तोंड घट्ट बंद होतं ना, हे हात लावून बघ. माझी पहिली बॅग महिन्याभरात उसवली होती, म्हणून इतकं बजावतोय.

मग फार्मर्स वॉकची, म्हणजे दोन्ही हातांत वजन धरून चालायची, हँडल. पकड, पाठ, पाय, दम, सगळ्यांचा एकदम कस लागतो. प्लेट बसते तो दांडा तुझ्या प्लेटच्या भोकाला जुळायला हवा. ऑलिंपिक प्लेटचं भोक साधारण ५० मिमी असतं, साध्या प्लेटचं बरंच लहान.

लॉग, म्हणजे छातीवर घेऊन डोक्यावर ढकलायचा जाड ओंडका, घेताना जाडी नीट ठरव. १२ इंची लॉगचं वजन छातीपासून जास्त पुढे राहतं, त्यामुळे तो छातीवर घेणं नवख्याला जड जातं. १० इंची बरा, आणि रिकाम्या लॉगचंच वजन किती ते विकणाऱ्याला आधी विचार.

योक, म्हणजे खांद्यावर घेऊन चालायची वजनाची चौकट, उंची बदलता येणारा घे, स्क्वॉट रॅकचंही काम भागतं. व्यावसायिक जिम असेल तर चालायला १५-२० मीटर सरळ, मोकळी पट्टी आणि जमिनीवर जाड रबर आधी हवं. स्टोन त्यानंतर.