विमान जमिनीवर वाट चुकते तेव्हा

प्रश्न : गेल्या महिन्यात आम्ही पती-पत्नी चिकलठाण्याहून विमानाने निघालो आणि पुढचे विमान पकडण्यासाठी एका मोठ्या विमानतळावर उतरलो. ते दुसरे विमान धावपट्टीकडे जाता जाता मध्येच थांबले. काही वेळाने वैमानिकांनी सांगितले की एक वळण चुकले आहे आणि विमान ओढणारी गाडी येईपर्यंत थांबावे लागेल. त्यात पाऊण तास गेला. आखून दिलेल्या मार्गावर इतके प्रशिक्षित लोक चुकतात कसे, आणि जमिनीवर चुकण्यात भिण्यासारखे काही असते का?
(एक निवृत्त शिक्षिका, जालना)

उत्तर : रात्री अनोळखी रस्त्याने जाताना फाटा चुकावा, तसाच हा प्रकार आहे, फरक इतकाच की चुकीच्या फाट्यावरून विमानाला मागे फिरता येत नाही. टॅक्सीवेची, म्हणजे विमान जमिनीवरून धावपट्टीपर्यंत ज्या रस्त्याने जाते त्याची, रुंदी मोठ्या विमानाला जागच्या जागी वळण्यास बहुधा पुरत नाही आणि मोटारीसारखा रिव्हर्स गिअर विमानाला नसतो. त्यामुळे ओढगाडीची वाट पाहण्यात गेलेला आपला पाऊण तास हा निष्काळजीपणाचा नव्हे, तर चूक ओळखून तेथेच थांबल्याचा पुरावा आहे.

चूक कशी होते, ते पाहू. नियंत्रक वैमानिकांना मार्ग सांगतात तो इंग्रजी अक्षरांच्या एका लांब माळेसारखा असतो, आणि विशेषतः धावपट्टीच्या अलीकडे थांबण्याची सूचना वैमानिकांना शब्दशः परत म्हणून दाखवावी लागते. बाहेर पाट्या असतात : काळ्यावर पिवळे अक्षर म्हणजे आपण कोठे आहोत, पिवळ्यावर काळे म्हणजे पुढचे वळण कोणते, आणि लाल पाटीवरचे पांढरे आकडे म्हणजे येथे धावपट्टी आहे, परवानगीशिवाय पुढे जाऊ नये. विमान चालवणारा वैमानिक बाजूच्या छोट्या सुकाणूने पुढचे चाक वळवत असतो. नेमक्या त्याच वेळी त्याच्या सहकाऱ्याला पंखांचे फ्लॅप (विमानाला उचल देणारे पंखांचे हलते भाग) लावायचे असतात, तपासणी यादी वाचायची असते, आणि शेवटच्या क्षणी धावपट्टी बदलली तर संगणकात नवे आकडेही भरायचे असतात. चार डोळ्यांपैकी दोन खाली गेले की पाटी निसटते. माझ्या मते या चुकांचे मूळ अज्ञानात क्वचितच असते. जे दिसणार असे मनाने आधीच ठरवलेले असते, तेच डोळ्यांना दिसते.

याचे सर्वांत क्लेशदायक उदाहरण अमेरिकेतील लेक्सिंग्टनचे आहे. २७ ऑगस्ट २००६ रोजी पहाटेच्या अंधारात एका प्रवासी विमानाला २२ क्रमांकाच्या धावपट्टीवरून उडण्याची परवानगी मिळाली होती. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिच्या दिशेचे अंश दहाने भागून येणारा आकडा. म्हणजे २२ वर उभ्या असलेल्या विमानाच्या होकायंत्राने सुमारे २२० अंश दाखवायला हवेत. पण त्या वैमानिकांनी वाटेत आधी लागणारी २६ क्रमांकाची धावपट्टी धरली, जिची लांबी जवळपास निम्मीच होती. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीकडे जाताना, त्यांच्यात उड्डाणाशी संबंध नसलेल्या गप्पा झाल्या होत्या, असे तपासात आढळले. त्याहून अधिक चटका लावणारी गोष्ट अशी की धावपट्टीवर दिवे नाहीत हे वेग घेताना त्यांच्या लक्षात आले होते, ते तसे बोललेही, पण विमान थांबले नाही. विमानातील ५० जणांपैकी ४९ जण दगावले. टॅक्सीपासूनच कॉकपिटमध्ये अनावश्यक बोलणे वर्ज्य करणारा नियम अमेरिकेत १९८१ पासून लागू होता.

चुकलेल्या वळणाचे उदाहरण मिलानच्या लिनाते विमानतळावर घडले. ८ ऑक्टोबर २००१ रोजी दाट धुक्यात एका छोट्या जेट विमानाने आर-५ ऐवजी आर-६ हा मार्ग धरला आणि ते थेट उड्डाण घेणाऱ्या मोठ्या विमानासमोर आले. ११८ माणसे गेली. येथे सगळा दोष वैमानिकांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते, कारण तेथे जमिनीवरील हालचाल दाखवणारे रडार चालू नव्हते आणि मार्गांवरच्या खुणाही धड नव्हत्या.

टॅक्सीतील आणखी एक चूक वाटेशी संबंधित नसते आणि म्हणून प्रवाशांच्या ध्यानात येत नाही. १६ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉइट येथे वैमानिकांकडून टॅक्सीच्या वेळची तपासणी यादी वाचायची राहिली, फ्लॅप न लावताच विमान धावले आणि इशारा देणाऱ्या यंत्रणेला वीजपुरवठा नसल्याने इशाराही मिळाला नाही. त्यात १५६ जणांचा मृत्यू झाला.

तेव्हा भिण्याचे कारण आहे, पण ते थांबलेल्या विमानात नाही. शंका आल्यावर थांबणे, नियंत्रकांना विचारणे आणि प्रवाशांना खरे कारण सांगणे हे आपल्या वैमानिकांनी केले. त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

प्रश्न : चिकलठाण्याचा १९९३ चा अपघातही अशाच चुकीमुळे झाला होता का? आमच्या घरी त्याची आठवण आजही निघते.
(एक वाचक, बीड)

उत्तर : नाही. २६ एप्रिल १९९३ च्या दुपारी ते विमान योग्य धावपट्टीवरच होते आणि उड्डाणासाठी धावत होते. धावपट्टीच्या टोकापलीकडील रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक जात होता. त्याला विमानाचा धक्का बसला, पुढे ते विजेच्या तारांना लागले आणि कोसळले. विमानातील ११८ जणांपैकी ५५ जणांचा मृत्यू झाला. चौकशीत दोन कारणे पुढे आली. वैमानिकांनी विमानाचे नाक उचलण्यास उशीर केला आणि ते उचलण्याची पद्धतही चुकली, हे एक. आणि उड्डाणांच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक रोखण्याची जबाबदारी विमानतळ यंत्रणेने पाळली नाही, हे दुसरे. आपल्याकडे पहिल्या कारणाची चर्चा फार होते. दुसरे कारण मात्र कमी आठवले जाते, आणि ते कॉकपिटच्या बाहेर, रस्त्यावर घडलेले होते.