ठिपके गेले, पण आजीचा चेहरा मेणाचा झाला!

प्रश्न : बहिणीच्या हळदीचे रात्रीचे फोटो आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ६४०० ला काढलेत. सगळीकडे दाणे, आणि काळ्या केसांत तर चक्क गुलाबी-हिरवे ठिपके. नॉइज रिडक्शनचे (दाणे-ठिपके घालवायचे) ल्युमिनन्स म्हणजे उजेडाचा आणि कलर म्हणजे रंगाचा, दोन्ही स्लायडर फुल केले तर ठिपके गेले पण आजीच्या सुरकुत्या पण गेल्या, मेणाचा पुतळा झालाय नुसता. काय करू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही फुल केलेत ना, तिथेच घोळ झाला. आपला डोळा उजेड-अंधारातला फरक एकदम बारीक पकडतो, रंगाच्या बाबतीत मात्र तो बराच ढिसाळ आहे. सुरकुत्या, केस, साडीची वीण हा सगळा तपशील उजेड-अंधारातच असतो, रंग थोडा इकडेतिकडे पसरला तरी पत्ता लागत नाही, आणि निळ्याचं तर विचारूच नका, नजरेच्या अगदी मध्यभागी निळा ओळखणाऱ्या पेशीच नसतात! जेपेग या नेहमीच्या फोटो फाइलमध्ये बऱ्याचदा रंगाची माहिती चौथाईच ठेवतात, आजवर कुणी तक्रार केलीय?

नॉइज काढणारे चांगले प्रोग्राम याचाच फायदा घेतात. लाल, हिरवा, निळा वेगवेगळे साफ करत बसलं की कडांना रंगीत किनार येते, म्हणून आधी फोटोतला उजेड एकीकडे आणि रंग दुसरीकडे करायचा, मग रंगावर जोरात हात चालवायचा आणि उजेडावर अगदी जपून. लाइटरूम हा फोटो एडिटिंगचा प्रोग्राम रॉ फाइलला (कॅमेऱ्यातल्या कच्च्या फाइलला) आपणहून कलर २५ आणि ल्युमिनन्स ० लावतं ते यामुळेच.

तर ल्युमिनन्स आधी शून्यावर आणा, फोटो १०० टक्के झूम करा आणि केसांतले ठिपके जाईपर्यंत कलर वाढवा. एक डोळा आजीच्या कुंकवावर ठेवा हं, कलर अति झाला की एवढ्याशा टिकलीचा लाल रंग फिका पडून कपाळावर पसरायला लागतो, तसं दिसलं की लगेच मागे या. मग ल्युमिनन्स थोडासाच द्या. तोही चेहऱ्याला नकोच, मास्क लावून (म्हणजे तेवढाच भाग निवडून) फक्त मागच्या प्लेन पडद्याला, कारण दाणे खुपतात ते सपाट जागेत, जरीच्या साडीत तेवढेच दाणे असले तरी विणीत लपून जातात. आणि ४ बाय ६ च्या प्रिंटच काढायच्या असतील तर ल्युमिनन्सला हातही लावू नका, त्या साइजला दाणे जाणवतच नाहीत फारसे.