‘आईला होता, म्हणजे मलाही होणारच ना?’

समोरची व्यक्ती ‘माझ्या आईला अल्झायमर होता’ असं म्हणाली, की पुढचा प्रश्न कोणता असेल हे मला आता विचारावं लागत नाही. विचारणारे बहुतेक पन्नाशीतले असतात. आई-वडिलांचं दुखणं त्यांनी स्वतः काढलेलं असतं, त्यामुळे भीती पुस्तकी नसते. त्यात फोनवर रोज नव्या संशोधनाची बातमी येऊन पडते, आज रक्ताची चाचणी तर उद्या नवं इंजेक्शन.

वंदनाताई (नाव आणि तपशील बदलले आहेत) त्यांच्यापैकीच एक. वय ५४, बँकेत अधिकारी. आईचा आजार पंचाहत्तरीनंतर सुरू झाला आणि शेवटची काही वर्षं तिनं लेकीला ओळखलं नाही. ताईंनी एक वही आणली होती. तारीख, वेळ, काय विसरले. आखलेल्या रकान्यांत सगळं नीट लिहिलेलं.

‘‘मॅडम, मला जनुकांची चाचणी करायचीय. एकदाचं कळू दे.’’

‘‘करा की. फक्त मला एक सांगा, निकाल वाईट आला तर दुसऱ्या दिवसापासून काय कराल?’’

‘‘चालायला जाईन. बीपीची गोळी नियमित घेईन. ती मी सोडलीय, एकदा सुरू केली की जन्माची मागे लागते म्हणून.’’

‘‘आणि चांगला आला तर?’’

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग हसल्या. ‘‘तर मग काही करणार नाही, असं होईल.’’

चाचणी कशाची, तेही सांगायला हवं. एपीओई नावाच्या जनुकाचा ई-४ हा प्रकार आणि अल्झायमर यांचा संबंध १९९३ साली उजेडात आला. आई किंवा वडील अशा एकाकडून तो आला असेल, तर धोका साधारण दोन ते तीन पट वाढतो. दोघांकडून आला असेल, तर बराच जास्त. पण ई-४ असूनही आजार न झालेली माणसं आहेत आणि ई-४ नसताना झालेलीही आहेत. ज्या जनुकीय बदलांमुळे आजार जवळजवळ अटळ ठरतो, ते फार थोड्या घराण्यांत असतात आणि तिथे तो बहुधा साठीच्या आतच गाठतो. वंदनाताईंच्या आईचा आजार त्यातला नव्हता.

म्हणजे ताईंना हवी होती हमी, आणि चाचणी देणार होती शक्यता. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत वाढलेली समुपदेशक आहे. माणसाला नुसती भीती पोखरत नाही, भीतीच्या पोटातली मागणी पोखरते, असं मी मानते. ‘मला अल्झायमर होऊ नये’ ही इच्छा रास्तच आहे. ‘तो होणार नाही याची खात्री मला आत्ताच मिळाली पाहिजे’ ही मागणी जगातली कुठलीच प्रयोगशाळा पुरी करू शकत नाही.

चाचणी वाईटच असते असं नाही. आधी नीट समजावून निकाल सांगितला, तर लोक खचून जात नाहीत, असं २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. पण २०१४ च्या दुसऱ्या अभ्यासानं मला जास्त विचारात पाडलं. त्यातल्या काही ज्येष्ठांमध्ये ई-४ होता. काहींना ते माहीत होतं, काहींना नव्हतं. स्मरणाच्या परीक्षेत माहीत असलेल्यांना कमी गुण पडले, शिवाय स्वतःच्या स्मृतीला त्यांनीच जास्त नावं ठेवली. जनुक तेच, फरक फक्त कळण्याचा. वंदनाताईंनी तर चाचणीआधीच स्वतःला नापास करून टाकलं होतं.

आता त्या वहीबद्दल. विसरलेल्या गोष्टीची मिनिटासकट नोंद ठेवणाऱ्या बाईची स्मृती बरी असणार, हे कुणीही सांगेल. माझं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. ऐन मे महिन्यात त्या आल्या आल्या पंखा बंद करायला सांगत आणि मी खाली बघून बोलले की ‘‘काय म्हणालात?’’ विचारत. मी त्यांना घरी एक काम दिलं. प्रत्येक नोंदीपुढे लिहायचं की ती गोष्ट त्यांनी वाचली होती की कुणी तोंडी सांगितली होती.

पुढच्या वेळी त्यांनी वही माझ्या टेबलावर जवळजवळ आपटलीच. ‘‘वाचलेलं एकही विसरले नाहीये! सगळं सांगितलेलंच आहे. सूनबाई स्वयंपाकघरातून बोलली ते, शिपायानं काउंटरपलीकडून सांगितलं ते. मॅडम, म्हणजे मला ऐकूच आलं नव्हतं?’’

असे क्षण या व्यवसायात फार येत नाहीत. मी काही सांगितलं नव्हतं, शोध त्यांनी स्वतः लावला होता. माझ्या मते तोच टिकतो.

ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीत, दोन्ही कानांत मध्यम श्रवणदोष निघाला. लगेच पुढची हरकत आली, ‘‘यंत्र लावलं तर लोक म्हातारी म्हणतील.’’

‘‘म्हणू देत. विसराळू म्हटलेलं चालतं का?’’

यंत्र आलं.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानं २०२४ मध्ये डिमेन्शियाचे (म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) टाळता किंवा कमी करता येण्यासारखे १४ धोके मांडले. त्यांत श्रवणदोष आहे, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, वाईट कोलेस्टेरॉल, नैराश्य आणि एकटेपण आहे. हे सगळे आयुष्यभर सांभाळले, तर जगातले जवळजवळ ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतात, असा त्यांचा अंदाज. हा आकडा समाजाचा आहे, एकेका माणसाचा नाही, हे मी प्रत्येकाला बजावते. कानाच्या यंत्राचंही तसंच. २०२३ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत सगळ्यांचा मिळून हिशेब केला तेव्हा फरक दिसला नाही. ज्यांचा धोका आधीच जास्त होता, त्या गटाची स्मृती आणि विचारशक्तीची घसरण मात्र तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी मंदावली. अल्झायमरवरच्या लेकानेमॅब या बहुचर्चित इंजेक्शननं अगदी सुरुवातीच्या रुग्णांची घसरण दीड वर्षात २७ टक्क्यांनी मंद केली. थांबवली नाही, आणि मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका त्यात आहेच. बातमीच्या मथळ्यात हे मावत नाही.

वंदनाताईंनी चाचणी अजून केलेली नाही. हवी तेव्हा त्या करतील. बीपीची गोळी सुरू आहे. भीती अधूनमधून येते, पण तिची नोंद आता होत नाही.

मात्र काही तक्रारी घेऊन माझ्याकडे येऊ नका, आधी न्यूरॉलॉजिस्टकडे जा: रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, पैशांचे नेहमीचे हिशेब न जमणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, आणि विशेषतः हे घरच्यांना दिसतंय पण स्वतःला जाणवत नाही, असं असेल तेव्हा. बी-१२ची कमतरता, थायरॉइड आणि नैराश्य यांमुळेही विसरणं वाढतं आणि त्यावर उपचार आहेत, म्हणून तपासणी टाळू नका. जाताना घरातलं एक माणूस सोबत न्या. डॉक्टर त्यालाही प्रश्न विचारतात.