युनिट पोचतात, पण मोजले कुठे जातात?

प्रश्न : मावशी, नमस्कार. मी मूळची सातारा जिल्ह्यातली. आत्याने भरलेल्या अर्जावर आम्हाला ग्रीन कार्ड मिळालं आणि जून २०२४ मध्ये आई-बाबांबरोबर मी कॅलिफोर्नियात, फ्रीमॉंटला आले. बारावी (कला) आणि एफ.वाय.बी.ए. तिकडे झालं. इथे पहिलं वर्ष इंडियन ग्रोसरीत काम केलं आणि ऑगस्ट २०२५ पासून कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजला, जाते. दोन सेमिस्टरमध्ये २५ युनिट (क्रेडिट) झाले : ईएसएल (दुसरी भाषा म्हणून इंग्रजी) रायटिंग, इंग्लिश कॉम्पोझिशन, स्टॅटिस्टिक्स, सोशिऑलॉजी, इंट्रो टू बिझनेस, कम्प्युटर ॲप्लिकेशन्स आणि हेल्थ. मला इंटरनॅशनल स्टडीजमध्ये पदवी घ्यायची आहे. माझे मामा सैन्यात होते, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून काँगोत गोमाला गेले होते. त्यांचे तिथले फोटो बघून मी लहानपणी विचारायचे, आपली साताऱ्याची माणसं इतक्या लांब कशाला गेली? कुणी नीट सांगितलंच नाही. बाबा म्हणतात, यात नोकरी नाही. गावाकडचे म्हणतात, कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपलं आयटीआय. मैत्रीण म्हणते, सगळे युनिट युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर होतात, कसलीच काळजी करू नकोस. मला पुढच्याच वर्षी युनिव्हर्सिटीत जाता येईल का? आणि एफ.वाय.चं इथे सांगायचं की नाही?
— वय २०, फ्रीमॉंट

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं, त्यातही मामांच्या फोटोंची ओळ जास्त वेळा. ती ओळ जपून ठेव, तिच्याकडे मी परत येणार आहे.

आधी मैत्रिणीचं वाक्य बघू, कारण त्याच वाक्याने माझं एक वर्ष खाल्लं. मी १९९८ साली लग्न होऊन सांगलीहून इकडे आले, एस.वाय. अर्धवट सोडून. इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. तिथल्या समुपदेशकाने वीस मिनिटांत सांगून टाकलं की कुठलेही ट्रान्सफरेबल कोर्स घे, सगळे पोचतील. पोचले खरेच. युनिव्हर्सिटीने चौसष्ट युनिट मान्य केल्याचा कागद हातात आला तेव्हा मी घरी शिरा केला होता. दोन आठवड्यांनी विभागात गेले तर त्यातले तीनच कोर्स माझ्या विषयात धरले होते. बाकीचे नुसते बेरजेत होते. परकी भाषा तर सुरूच केली नव्हती, आणि ती चार सत्रं एकापाठोपाठ एकच घ्यावी लागतात. मुलगी बाबागाडीत असताना मी एक वर्ष जास्त काढलं. गेली सोळा वर्षं मी स्वतः कम्युनिटी कॉलेजात समुपदेशक आहे आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला आधी हेच सांगते : कोर्स ट्रान्सफर होणं वेगळं आणि तो पदवीत मोजला जाणं वेगळं.

तर उलटीकडून सुरुवात कर. आधी ठिकाण, मग कोर्स. कॅलिफोर्नियात यासाठी ‘असिस्ट’ नावाची सरकारी वेबसाइट आहे. तिथे डावीकडे युनिव्हर्सिटी आणि विषय, उजवीकडे तुझं कॉलेज. त्यांचा कुठला कोर्स म्हणजे तुझ्याकडचा कुठला, हे ओळीने दिसतं. नावावर जाऊ नकोस. यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आयर्विनला ‘इंटरनॅशनल स्टडीज’ आहे, यूसी डेव्हिसला त्याच कुळातला विषय ‘इंटरनॅशनल रिलेशन्स’ नावाने आहे, सांता बार्बरा, रिव्हरसाइड आणि बर्कलीला ‘ग्लोबल स्टडीज’, आणि कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) या दुसऱ्या सरकारी गटातल्या सॅन फ्रान्सिस्को स्टेटला पुन्हा ‘इंटरनॅशनल रिलेशन्स’. प्रत्येकाच्या अटी निराळ्या, पण बहुतेक ठिकाणी गाभा सारखा दिसेल : मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स, राज्यशास्त्रातले आंतरराष्ट्रीय संबंध किंवा तुलनात्मक राजकारण, जगाचा इतिहास, स्टॅटिस्टिक्स आणि भाषा. चार-पाच ठिकाणचे तक्ते छापून जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांड. जो कोर्स सगळीकडे आहे तो आधी घे. जो एकाच ठिकाणी लागतो तो शेवटी.

आता तुझे २५ युनिट. स्टॅटिस्टिक्स आणि कॉम्पोझिशन सोन्यासारखे आहेत. सोशिऑलॉजी सामान्य शिक्षणात, म्हणजे विषय कुठलाही असला तरी लागणाऱ्या कोर्समध्ये, बसेल. बिझनेसचा कोर्स बेरजेत जाईल, तुझ्या विषयात नाही. कम्प्युटर ॲप्लिकेशन्ससारखे कोर्स पुष्कळदा कॅल स्टेटला चालतात आणि यूसीला चालत नाहीत, तेव्हा तो तपास. ईएसएलचे युनिट यूसी मर्यादेतच धरते. म्हणजे यूसीच्या दृष्टीने तुझ्या पदरात पंचवीसपेक्षा कमी आहेत. ते वाया गेले असं मनात आणू नकोस. ज्या मुलीने दोन वर्षांपूर्वीपर्यंत सगळं मराठीतून लिहिलं, तिला ते ईएसएल हवंच होतं.

यूसीला जायला ६० सेमिस्टर युनिट लागतात. त्यातच सामान्य शिक्षणाचा ‘कॅल-जीटेक’ नावाचा संच पूर्ण करणं सोयीचं पडतं : ११ कोर्स, ३४ युनिट. त्यात भाषण करायचा एक कोर्स सक्तीचा आहे. इंग्रजीत बोलायची भीती असेल तर तो आत्ताच घे, पुढे ढकलू नकोस. माझ्याकडच्या मुली तो शेवटच्या सत्रापर्यंत टाळतात आणि मग पाचव्या विषयाबरोबर तोही अंगावर घेतात.

यूसीच्या सहा शाखा ‘टॅग’ म्हणजे प्रवेशाची हमी देतात : डेव्हिस, आयर्विन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. तिथे अर्ज करता येतो, हमी मात्र नसते. टॅग एकाच शाखेसाठी भरता येतो, १ ते ३० सप्टेंबरमध्ये, आणि तोपर्यंत यूसीला चालणारे ३० युनिट पूर्ण हवेत. तू या उन्हाळ्यात दोन कोर्स घेतलेस तरी तीस गाठणं कठीण दिसतं. म्हणून माझं स्पष्ट मत : पुढच्या वर्षी जायची घाई करू नकोस. सप्टेंबर २०२७ मध्ये टॅग भर, त्याच हिवाळ्याच्या तोंडावर मुख्य अर्ज भर आणि २०२८ च्या फॉलला, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्राला, जा. गावाकडे विचारतील, अजून तिथेच का? विचारू देत.

त्या जास्तीच्या वर्षात काय करायचं, ते तुझ्या मामांनीच सांगून ठेवलंय. गोम्यात सरकारी कामकाजाची भाषा फ्रेंच आहे. येत्या ऑगस्टपासून फ्रेंच घे, पहिल्या पायरीपासून. चार सेमिस्टर म्हणजे बरोबर २०२८ चा उन्हाळा. एका सत्रात दोन पायऱ्या चढता येत नाहीत, त्यामुळे आत्ता सुरू केलं नाहीस तर हे गणित कधीच जुळणार नाही. आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. यूसीच्या सर्वसाधारण भाषेच्या अटीत, सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षं इंग्रजीखेरीज दुसऱ्या माध्यमात शिकल्याचा पुरावा चालत आला आहे. तुझ्या मराठी शाळेची गुणपत्रकं आणि माध्यमाचा उल्लेख असलेला मुख्याध्यापकांचा दाखला मागवून घे. विभागाची स्वतःची भाषेची अट वेगळी असू शकते, ती विभागाला ईमेलने विचार आणि उत्तर जपून ठेव. तोंडी आश्वासनावर मी एकदा विसंबले होते, तू विसंबू नकोस.

एफ.वाय.चं सांगायचंच. यूसीच्या अर्जात बारावीनंतर शिकलेलं प्रत्येक कॉलेज लिहावं लागतं, परदेशातलंही. लपवलेलं पुढे कळलं तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. तिथल्या इंग्रजीच्या पेपरने इथलं कॉम्पोझिशन भागणार नाही, पण त्यात लाजण्यासारखं काही नाही. विद्यापीठाकडून मोहोरबंद ट्रान्सक्रिप्ट काढायला वेळ लागतो, तेव्हा तिथल्या कुणाला तरी आत्ताच कामाला लाव.

पैशांचं बोलू. तू पहिलं वर्ष थांबलीस ते शहाणपणाचं झालं. वर्षाहून जास्त काळ राहून कॅलिफोर्नियाची रहिवासी ठरलीस, म्हणून तुला युनिटमागे ४६ डॉलर पडतात, आणि घरचं उत्पन्न कमी असेल तर ‘प्रॉमिस ग्रँट’मध्ये तेही माफ होतात. ग्रीन कार्डवर फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज, भरता येतो, दरवर्षी भर. यूसीचा अर्ज एकच असतो, पण अर्जाची फी प्रत्येक शाखेसाठी स्वतंत्र भरावी लागते. उत्पन्नाची अट बसली तर चार शाखांपर्यंत ती माफ होते. खरा खर्च शिकवणीचा नाही, घरभाड्याचा आहे. आयर्विनला खोली घ्यावी लागेल. डेव्हिसला फ्रीमॉंटहून थेट ट्रेन आहे, पण रोजची नाही परवडायची. सॅन फ्रान्सिस्को स्टेटला मात्र बार्टने (इथल्या लोकल ट्रेनने) डेली सिटी आणि तिथून युनिव्हर्सिटीची बस, म्हणजे घरी राहून शिकता येतं. कॅल स्टेटसाठी ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ ही कम्युनिटी कॉलेजातली दोन वर्षांची पदवी आहे. तुझ्या कॉलेजात ती ग्लोबल स्टडीजमध्ये मिळते का बघ, नसेल तर पोलिटिकल सायन्समध्ये. ही पदवी घेतली की कॅल स्टेटमध्ये कुठे तरी तिसऱ्या वर्षाला जागा पक्की असते. हा मार्ग उघडा ठेव. तो दुय्यम नाही.

आयटीआयबद्दल. गावाकडच्यांना राग येईल असं उत्तर देऊ नकोस, आयटीआयने साताऱ्यात कितीतरी घरं उभी केली आहेत. एवढंच सांग की कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा आराखडा केला, त्यातच हा जिना बांधला आहे : दोन वर्षं इथे, दोन वर्षं तिथे. शेवटी पदवीवर युनिव्हर्सिटीचंच नाव येतं.

बाबांशी जरा सावकाश बोल. त्यांनी पन्नाशीत देश बदलला असेल, त्यांची भीती खरी आहे. नोकरी नाही हे मात्र खरं नाही. ओकलंड बंदराच्या आसपास मालवाहतुकीच्या आणि कस्टम्सच्या कंपन्या आहेत, निर्वासितांना वसवणाऱ्या संस्था आहेत. इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटीची कार्यालयं ओकलंड आणि सॅन होजेत आहेत, तिथे स्वयंसेवक म्हणून आधी जाऊन बघ. परराष्ट्र खात्यातल्या फॉरिन सर्व्हिस अधिकाऱ्याला नागरिकत्व लागतं. परदेशी शिकायला जायची गिलमन शिष्यवृत्तीही नागरिकांनाच मिळते. ग्रीन कार्डला पाच वर्षं झाली की तू अर्ज करू शकतेस, म्हणजे २०२९ च्या उन्हाळ्यात, तुझ्या शेवटच्या वर्षाच्या आधी. हे वर्षांचं गणित बाबांना कागदावर काढून दाखव. आकडे समोर असले की वडील ऐकतात, हा माझा अनुभव.

आता ते फोटो. यूसीच्या अर्जात चार छोटे निबंध असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्दांचे. त्यातला एक ट्रान्सफरच्या मुलांना सक्तीचा : या विषयासाठी तू काय तयारी केलीस? बहुतेक मुलं ‘मला जगाची आवड आहे’ असं लिहितात. तू गोम्याचं लिही. मामांना फोन कर, ते कुठे राहायचे, काय खायचे, कुणाशी कुठल्या भाषेत बोलायचे, सगळं विचार. मग इकॉनॉमिक्स घेतलंस, फ्रेंच घेतलीस, ते त्या प्रश्नाच्या मागे लागून घेतलंस हे लिही. पहिला मसुदा मराठीत लिहिलास तरी चालेल. मला पाठव, मी वाचेन.

प्रश्न : मुलगी पुण्यात बारावीला आहे. तिला इंटरनॅशनल स्टडीज करायचं आहे. खर्च वाचवायला तिला विद्यार्थी व्हिसावर थेट कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात पाठवावं का?
— एक पालक, कोथरूड

उत्तर : पाठवता येतं. टॅगही परदेशी विद्यार्थ्यांना खुला आहे. पण वर लिहिलेले ४६ डॉलर तुमच्यासाठी नाहीत. बाहेरच्या विद्यार्थ्यांना त्यावर मोठी जादा फी असते, आणि यूसीत गेल्यावर तीही बरीच वाढते. यूसीला लागणारं किमान गुणांकनही (जीपीए, चारपैकी) रहिवाशांना २.४, तुमच्या मुलीला २.८. पहिल्या वर्षी कॅम्पसबाहेर काम करता येत नाही, आणि पुष्कळ कम्युनिटी कॉलेजांना वसतिगृह नसतं. म्हणजे अठराव्या वर्षी अनोळखी घरात खोली शोधायची, गाडीशिवाय. जवळचं नातेवाईक त्याच गावात असेल आणि चारही वर्षांचा पैसा आज मोजून बाजूला काढता येत असेल तर जरूर विचार करा. पहिल्या दोन वर्षांचाच हिशेब जुळत असेल तर थांबा. तिला पुण्यात बी.ए. करू द्या, सोबत फ्रेंच किंवा जर्मन शिकू द्या. आलियाँस फ्रान्सेझ आणि माक्सम्युलर भवन दोन्ही तुमच्या शहरातच आहेत.