अबोली म्हण की!

"मॅडम, मला स्टेजच्या पडद्याचा रंग ठरवता येत नाहीये. मग नवरा तरी नीट ठरवला असेल का मी?"

खुर्चीत टेकायच्या आधीच तिने हे विचारून टाकलं. वय 28, नोकरी चांगली, मुलगा तिनेच पसंत केलेला, लग्न साडेतीन महिन्यांवर. लग्नसराईच्या तोंडावर समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या मुली हा प्रश्न थोड्याफार फरकाने विचारतातच. म्हणून तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असं सगळं बदलून हे लिहिते आहे.

तिने फोन माझ्यापुढे सरकवला. लग्नाच्या फोल्डरमध्ये 640 स्क्रीनशॉट. आत पोटफोल्डर: हळद, मेंदी, मुहूर्त, रिसेप्शन, मंडप, पत्रिका, रुखवत. ब्लश पीच, सेज ग्रीन, आयव्हरी, डस्टी रोज. रात्री अकराला बघायला बसायची ती दीडला उठायची, आणि सकाळी कालचं पसंत केलेलं नावडायला लागायचं. आईचं म्हणणं, "लग्न आहे की दवाखाना? जरा उठावदार काहीतरी घे." आणि होणारा नवरा म्हणतो, "तुला आवडेल ते. मला काहीही चालेल." मुलगे हे प्रेमानेच म्हणतात, पण ऐकणारीला ते 'तुझं तू निस्तर' असं ऐकू येतं. दोन रंग पुढे ठेवले तर त्यातला एक सांगावा, इतकीच माझी सगळ्या नवरदेवांना विनंती आहे.

पहिल्यांदा मी पडदा आणि नवरा वेगळे केले. "समज, पडदा अगदी भयानक निघाला. मुहूर्ताला हा काय करेल?" ती हसली. "त्याच्यासमोर उभा राहून सगळ्यांना फोटो काढायला लावेल." तयारीचा विषय नसतो तेव्हा त्याच्याबद्दल शंका येते का? नाही. तो काही लपवतो, चिडला की भीती वाटते, पैशांचं बोलणं टाळतो? नाही, नाही, नाही. यातलं एकही 'हो' आलं असतं तर मी रंगांवर एक मिनिटही घालवलं नसतं. तशी शंका पडद्यामागे लपलेली असू शकते, म्हणून आधी विचारावं लागतं.

उरला तो निव्वळ निवडीचा थकवा. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पुष्कळांना ऐकून माहीत असतो: दुकानात 24 प्रकारचे जॅम मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी जेमतेम 3 टक्क्यांनी खरेदी केली, 6 मांडले तेव्हा 30 टक्क्यांनी. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम दर वेळी दिसला नाही, त्यामुळे मी तो वेदवाक्य म्हणून सांगत नाही. पण 640 फोटो बघून माणूस शहाणा होत नाही, हे सांगायला मला जॅमही लागत नाही.

मी तिला फोन पालथा ठेवायला सांगितलं आणि कोरा कागद दिला. तुमच्या घरच्या लग्नात जे रंग ठरलेलेच आहेत ते आधी लिही. तिने लिहिलं: मामाकडची पिवळी अष्टपुत्री. हिरवा चुडा. मोत्यांच्या मुंडावळ्या. कुंकू. झेंडू. मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे मुहूर्ताचं निम्मं ठरलेलंच आहे की." त्या पाच गोष्टींशेजारी काय शोभेल, एवढाच प्रश्न राहिला. फोटोंमधल्या बहुतेक नवऱ्या परदेशातल्या बागेत पांढऱ्या झग्यात उभ्या होत्या. त्यांच्या हातात हिरवा चुडा नव्हता, त्यामुळे तिथला सेज ग्रीन आपल्याकडे फिकुटला तर दोष रंगाचा नाही.

दुसऱ्या भेटीला मी आईला बोलावलं.

आई शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला. कपाळावर बारीक काळी टिकली, अंगावर करडी सुती साडी. लेकीने फोनमधला लेहंगा दाखवला. "हा ब्लश पीच बघ."

आईने फोन लांब धरला, चष्मा वर केला. "अगं, अबोली म्हण की! माझ्या साखरपुड्याला हीच होती."

"आणि हा वाईन?"

"आमसुली."

मग तो खेळच झाला. लेक फोटो दाखवत होती, आई नाव सांगत होती: मोतिया, श्रीखंडी, अंजिरी, विटकरी, मेंदी. सेज ग्रीनपाशी मात्र गाडी अडली. "हा आपल्यात नाही. पाणी न घातलेल्या तुळशीसारखा दिसतोय." दोघी हसल्या. महिनाभर ज्यावरून धुसफूस चालली होती, त्यातल्या निम्म्या रंगांना आईची हरकत नव्हतीच. तिची हरकत नावांना होती. ती नावं कळत नसल्याने लेकीच्या लग्नात आपल्याला जागाच नाही, असं तिला वाटत होतं.

इथे थांबता आलं असतं. पण सगळ्या फोल्डरांत 'आई' असं नावच नव्हतं. मी विचारलं, तुम्ही काय नेसणार?

"माझं काय, मोतिया रंगाची आहे एक. मी मागेच असणार. कन्यादान दीर-जाऊ करतील, हळद सवाष्णी लावतील." रोजचा हजेरीपट वाचावा तशा सुरात तिने हे सांगितलं. लेक खिडकीकडे बघायला लागली.

मग तिच्याकडून हळूहळू बाहेर आलं. आई मोतिया नेसणार हे तिला कळलं, आणि त्यानंतर तिने मंडपच फिका करायला घेतला होता. सगळेच फिक्या रंगात असले की आई वेगळी उठून दिसणार नाही. मी लगेच मान डोलावली नाही, कारण असे उलगडे समुपदेशकांना फार आवडतात. तिनेही प्रामाणिकपणे सांगितलं, "अर्धं हे खरं आहे. अर्धं म्हणजे मला फिके रंग आवडतातच." आईचा उठावदार रंगांचा हट्ट कशासाठी होता? "दोन वर्षं घरात काही रंगीत आलं नाही, म्हणून."

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "वाचलंय. वर्गात मुलांनाही सांगितलंय. पण मंडपात जाऊबाई असतात, ग्रामसभा नसते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एवढंच विचारलं की जाऊबाईंचा विचार न करता, फक्त रंग म्हणून, कुठला नेसावासा वाटतो? ती बराच वेळ पदराची कड चिमटीत धरून बसली. "वांगी," ती म्हणाली. "हिरवी नको. आत्ता नको. पण वांगी चालेल."

बाकीचं भराभर झालं. ठरवायच्या 41 गोष्टींपैकी 9 लेकीने ठेवल्या. रुखवत मावशीकडे, पत्रिका भावाकडे, पडदा नवऱ्याकडे (त्याला दोनच रंग दिले, त्याने एका दिवसात एक निवडला). पैठणीसाठी दोघी नाशिकहून येवल्याला जाणार होत्या. पदर भरगच्च असला तर विणायला महिने लागतात, म्हणून तिथे तयार असलेल्यांतूनच घ्यायची, असं आधीच ठरवलं. नक्षीचाही वाद होता. आईला मोर आणि नारळी काठ हवा, लेकीला अजिंठ्याचं कमळ. मी म्हटलं, मागावर बसून बघा, मग भांडा.

एक सूचना मी सगळ्यांनाच करते. साडी दुकानाच्या दिव्याखाली पसंत करू नका, दारात उन्हात नेऊन बघा. मुहूर्त भर दुपारचा असेल तर तोच उजेड खरा. रिसेप्शन रात्री पिवळ्या दिव्यांखाली असेल तर अबोली आणि मोतिया एकमेकांत मिसळून जातात. फोनमधल्या फोटोवर तर फोटोग्राफरने आधीच रंग चढवलेला असतो. पैठणीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असला तर ती हलवली की रंग बदलतो. त्याला धूपछांव म्हणतात, आणि तो स्थिर फोटोत सापडतच नाही. त्यांनी घेतली ती तशीच निघाली, एका बाजूने अबोली, दुसऱ्या बाजूने राणी. पदरावर मोर. कमळ ब्लाउजवर विणकामाऐवजी भरतकामाने आलं. लेकीला ते थोडं खटकलं आणि ते खटकणं तिने तसंच राहू दिलं.

लग्नानंतर दीड महिन्याने ती एकटीच आली, पेढे घेऊन. कन्यादान काका-काकूंनीच केलं. "ते नाही बदललं," ती म्हणाली. हळद लग्नाच्या दिवशी सकाळीच होती. आई वांगी काठपदर नेसून तयार होती, पण सवाष्णींच्या रांगेत आली नाही. अंघोळीला जाताना दाराआड तिने लेकीला थांबवलं, वाटीतली उरलेली हळद बोटावर घेतली आणि तिच्या गालाला लावली. याचा फोटो कुणी काढला नाही.

"साडीवर पिवळा डाग पडलाय, निऱ्यांपाशी," ती म्हणाली. "मी म्हटलं ड्रायक्लीनला टाकते. तर देतच नाहीये."