शिलकी अंदाजपत्रक आणि चार दिवसांआड पाणी

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी 'क' वर्ग नगरपरिषद आहे. यंदाचे अंदाजपत्रक शिलकी असल्याची बातमी स्थानिक वृत्तपत्रात आली होती. प्रत्यक्षात नळाला चार दिवसांआड पाणी येते, आमच्या गल्लीतले निम्मे पथदिवे बंद आहेत आणि कार्यालयात विचारणा केली की 'फंड नाही' एवढेच उत्तर मिळते. शिल्लक आहे, तर फंड का नाही? (एक निवृत्त शिक्षक, पश्चिम विदर्भ)

उत्तर : आपल्या पत्रातील दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि लहान नगरपरिषदांच्या आर्थिक दुखण्याचे मूळही तिथेच आहे. राज्य सरकारप्रमाणे तुटीचे अंदाजपत्रक मांडून ती तूट कर्जाने भरून काढण्याची मोकळीक नगरपरिषदेला नसते. कर्ज काढायचे झाल्यास शासनाची परवानगी लागते. त्यामुळे जमेची आणि खर्चाची बाजू कागदावर जुळवून शेवटी काही लाखांची शिल्लक दाखवणे हा प्रघात पडला आहे. खर्चाच्या बाजूला फारशी काटछाट करता येत नाही, कारण वेतन, वीजबिल आणि ठेकेदारांची देयके ठरलेली असतात. मग जमेचे आकडे फुगतात.

ते कसे फुगतात, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, घरपट्टीची चालू वर्षाची मागणी 2 कोटी रुपये आहे आणि मागील थकबाकी 1 कोटी 50 लाख आहे, म्हणजे एकूण मागणी 3 कोटी 50 लाख झाली. गेल्या वर्षी यातील निम्मी, म्हणजे 1 कोटी 75 लाख रुपयांची वसुली झाली. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात मात्र याच सदराखाली 3 कोटी 20 लाख रुपये अपेक्षित धरले गेले, तर 1 कोटी 45 लाख रुपये पहिल्याच दिवसापासून केवळ कागदावरच आहेत. अशा अंदाजपत्रकाच्या शेवटी दाखवलेल्या तीन-चार लाखांच्या शिलकीला किती अर्थ उरतो, हे आपणच ठरवावे. अंदाजपत्रकाच्या छापील प्रतीत मागील वर्षाची प्रत्यक्ष जमा, चालू वर्षाचे मूळ व सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचे अंदाज असे रकाने शेजारीशेजारी असतात. आपण पहिला आणि शेवटचा रकाना तेवढा एकमेकांशी ताडून पाहावा. ज्या सदरात वाढीचे कोणतेही कारण नसताना आकडा दीडपट किंवा दुप्पट झाला आहे, तिथे पेन्सिलीने खूण करावी. सभागृहातील चर्चा बहुधा खर्चाच्या बाजूवरच होते, कारण प्रत्येक सदस्याला आपल्या प्रभागातील गटार आणि रस्ता त्या यादीत हवा असतो. जमेच्या बाजूला फारसा कोणी हात लावत नाही.

दुसरे कारण याहून कमी परिचित आहे. वर्षाच्या सुरुवातीला बँकेत जी रक्कम दिसते, तिच्यातील मोठा भाग शासनाकडून विशिष्ट कामांसाठी आलेल्या अनुदानाचा असतो आणि तो अन्यत्र खर्च करता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांना जे अनुदान सुचवले, त्यातील 40 टक्के मूलभूत, म्हणजे अबंधित (ठरावीक कामाशी न बांधलेले) होते. उरलेले 60 टक्के बंधित असून त्यातील निम्मे स्वच्छता व घनकचरा व्यवस्थापनासाठी आणि निम्मे पाण्याशी संबंधित कामांसाठी राखलेले होते. शिवाय लेखे वेळेवर प्रसिद्ध करण्याची आणि मालमत्ता कराच्या किमान दराची व वाढीची अट जोडली गेली. रस्त्यासाठी आलेला निधी रस्त्यावर, स्मशानभूमीसाठी आलेला स्मशानभूमीवरच खर्च व्हायला हवा. खात्यात कोटी रुपये पडून असताना पंपाच्या दुरुस्तीसाठी पन्नास हजार नसणे, हे त्यामुळेच शक्य होते. कर्मचाऱ्याच्या तोंडी 'फंड नाही' याचा अर्थ बहुधा 'स्वनिधी', म्हणजे नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला पैसा, 'नाही' असा असतो.

स्वनिधी का आटला, याचे उत्तर थोडे मागे जाऊन शोधावे लागते. नगरपरिषदांच्या हद्दीतील जकात, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर, 1999 मध्ये रद्द झाली. जकात नाक्यांवरच्या भ्रष्टाचाराबद्दल आणि ट्रकांच्या रांगांबद्दल जे बोलले जाई ते रास्तच होते, परंतु तो पैसा रोजच्या रोज येणारा आणि नगरपरिषदेच्या हक्काचा होता. त्याच्या बदल्यात राज्याकडून सहाय्यक अनुदान मिळू लागले आणि आज लहान नगरपरिषदांच्या कायम कर्मचाऱ्यांचे वेतन मुख्यत्वे त्यातूनच भागते. अनुदानाचा हप्ता लांबला की पगार लांबतो, आणि तो अपुरा पडला की फरक स्वनिधीतून भरावा लागतो. मालमत्तेच्या खरेदीविक्रीवर मुद्रांक शुल्कासोबत जो 1 टक्का अधिभार नगरपरिषदेसाठी वसूल होतो, तोही दुय्यम निबंधकांकडे जमा होऊन शासनामार्फतच येतो. तेव्हा नगरपरिषदेने स्वतः आकारायचे आणि स्वतः वसूल करायचे असे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे, आठवडी बाजाराची वसुली आणि बांधकाम परवानगीचे शुल्क, एवढेच मार्ग उरले.

पाण्याचा हिशेब तर बहुतेक ठिकाणी उघड तोट्याचा आहे. जॅकवेलवरील (पाणी उपसण्याच्या विहिरीवरील) पंपांचे वीजबिल, तुरटी, जंतुनाशक टीसीएल पावडर, व्हॉल्व्ह सोडणाऱ्यांचे पगार आणि जलवाहिनीची गळती काढण्याचा खर्च एकीकडे ठेवा, आणि अर्ध्या इंची नळजोडणीमागे वर्षाकाठी ठोक दराने आकारली जाणारी पाणीपट्टी दुसरीकडे ठेवा. ती पूर्ण वसूल झाली तरी खर्च भागत नाही, आणि ती पूर्ण वसूल होतच नाही. मीटर बसवण्याच्या योजना आल्या आणि अनेक गावांत मीटर बसलेही, पण बिल मात्र ठोक दरानेच निघत राहिले. धरणात पाणी असूनही चार दिवसांआड पुरवठा होत असेल, तर कारण बहुतेक वेळा या हिशेबात, गळतीत किंवा टाकीच्या अपुऱ्या क्षमतेत सापडते. यातील नेमके कोणते, ते पाणीपुरवठा अभियंत्याला लेखी विचारावे. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण या ठिकाणी पाण्याला नव्हे, पाणीपुरवठा खात्याच्या तिजोरीला लागू पडते.

प्रश्न : चतुर्वार्षिक फेरआकारणीत माझ्या घराची पट्टी जवळपास दुप्पट झाली आहे. मी दरवर्षी वेळेवर कर भरतो. थकबाकीदारांना मात्र शास्ती (उशिराबद्दलचा दंड) माफ होते. मग वेळेवर भरणाऱ्याने काय मिळवले? (एक किराणा दुकानदार, मराठवाडा)

उत्तर : आधी आकारणीबद्दल. घराचे वार्षिक भाडे किती येऊ शकेल याचा अंदाज करून त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा केले जातात आणि उरलेल्या करपात्र मूल्यावर कर बसतो. फेरआकारणीची यादी प्रसिद्ध झाल्यानंतर हरकत घेण्यासाठी मुदत दिली जाते व त्या हरकतीवर सुनावणी घ्यावी लागते. हरकत लिहिताना 'कर परवडत नाही' असे लिहून उपयोग होत नाही. मोजमापात जिना, ओसरी किंवा पडवी चुकून खोलीत धरली आहे का, पत्र्याच्या छपराचे बांधकाम आरसीसी म्हणून नोंदले आहे का, राहत्या भागाला दुकानाचा दर लावला आहे का आणि शेजारच्या तशाच घराची आकारणी किती आहे, हे मुद्दे पुराव्यासह मांडावेत. आपले दुकान घराच्याच इमारतीत असल्यास तिसऱ्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे. सुनावणीनंतरही समाधान न झाल्यास अपील करता येते. मात्र अपील ऐकले जाण्यापूर्वी मागणीची रक्कम जमा करावी लागते, हे ध्यानात असू द्यावे.

आपल्या बिलावरील सर्व रक्कम नगरपरिषदेची नसते, हेही सांगायला हवे. शिक्षण कर आणि बिगरनिवासी मालमत्तेवरील रोजगार हमी कर हे राज्य सरकारचे आहेत. नगरपरिषद ते केवळ वसूल करून शासनाकडे भरते. बिलाची बेरीज पाहून नगरपरिषदेला बोल लावण्यापूर्वी त्यातील ओळी वेगवेगळ्या वाचाव्यात.

आता शास्तीबद्दल. थकबाकीवर दरमहा 2 टक्के, म्हणजे वर्षाला 24 टक्के शास्ती लागते. काही वर्षांत ती मूळ कराच्या पुढे जाते, थकबाकीदार दोन्ही रकमा भरायला नकार देतो आणि मग सवलतीची मागणी सुरू होते. 2025 मध्ये राज्य शासनाने नगरपरिषदांसाठीही शास्तीमाफीच्या अभय योजनेची वाट मोकळी केली. एकदाच, ठरलेल्या मुदतीत आणि मूळ कर एकरकमी भरण्याच्या अटीवर दिलेली सूट मला समजू शकते, कारण त्यातून अडकलेला पैसा हाती येतो. दर तीन-चार वर्षांनी तीच योजना पुन्हा आली, तर मात्र थांबणाऱ्याचा फायदा आणि भरणाऱ्याचा तोटा हा नियमच होऊन बसतो. आपली तक्रार म्हणूनच योग्य आहे. मार्च महिन्यात वसुली पथके फिरतात, चौकात थकबाकीदारांच्या नावांचे फलक लागतात, गाळ्यांना सील ठोकले जाते. हीच तत्परता जुलै-ऑगस्टमध्ये दाखवली तर शास्तीचा डोंगर साचणार नाही. परंतु तसे होत नाही, याचे कारण कर विभागात असलेली चार-दोन माणसे निवडणूक, जनगणना, सर्वेक्षण अशा सर्वच कामांना जुंपलेली असतात. मोठे थकबाकीदार कोण आहेत हे गावात सर्वांना ठाऊक असते, आणि त्यांच्या दारात पथक क्वचितच जाते, हे दुसरे कारण लिहिताना मला संकोच वाटत नाही.

प्रश्न : गटारे तुंबलेली असताना गावाच्या वेशीवर स्वागतकमान आणि चौकात कारंजे उभे राहिले. हा पैसा गटारांकडे वळवता आला नसता का? (एक गृहिणी, खानदेश)

उत्तर : मंजूर झाल्यानंतर बहुधा नसता. अशी कामे अनेकदा वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीच्या विशेष अनुदानातून होतात आणि ते अनुदान कामाच्या नावासह येते. परंतु प्रस्ताव कोणत्या कामाचा पाठवायचा, हे गावातच ठरते आणि प्रश्न तिथे विचारायला हवा. नगरपरिषदांच्या 1965 च्या अधिनियमात बंधनकारक आणि ऐच्छिक अशा दोन प्रकारच्या कर्तव्यांची विभागणी केली आहे. पाणी, गटार, दिवाबत्ती आणि साफसफाई पहिल्या प्रकारात मोडतात. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, 1880 च्या सुमारास व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांनी एकट्याने त्याच्या विरोधात मत दिले होते. आपल्या प्रश्नामागचा विचार तितका जुना आहे.

कारंज्याबाबत खरी चिंता पुढची आहे. ते बांधायला अनुदान मिळाले, पण त्याची मोटर, वीज आणि राखणदार यांचा खर्च स्वनिधीतून करायचा आहे, म्हणजे गटारांसाठी जो थोडा पैसा होता त्यातूनच. उद्यान, नाट्यगृह, व्यायामशाळा अशा प्रत्येक मंजुरीच्या वेळी देखभालीचा वार्षिक खर्च ठरावात लिहून मागितला, तर निम्मे प्रस्ताव आपोआप बारगळतील, असे माझे मत आहे.

प्रश्न : ठेकेदाराकडील सफाई कामगारांचा पगार दोन महिन्यांपासून थकला आहे. नगरपरिषद म्हणते, ठेकेदाराला विचारा. (एक कामगार कार्यकर्ता, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर : हे उत्तर स्वीकारू नये. ठेकेदाराने वेतन दिले नाही, तर ते देण्याची जबाबदारी मूळ नियोक्ता म्हणून नगरपरिषदेवर येते आणि ती रक्कम ठेकेदाराच्या देयकातून वसूल करता येते. मुख्याधिकाऱ्यांना लेखी निवेदन द्यावे, पोच घ्यावी आणि प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्यावी. ठेकेदाराची देयके किती महिन्यांपासून प्रलंबित आहेत आणि भविष्यनिर्वाह निधीच्या भरण्याची चलने देयकासोबत जोडली जातात का, ही माहिती माहितीच्या अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर मागता येते; उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे. देयके वेळेवर निघत असूनही पगार थकला असेल, तर दोष ठेकेदाराचा. देयकेच अडकली असतील, तर प्रश्न पुन्हा स्वनिधीकडे येतो.

पहिल्या तीनही पत्रलेखकांनी याच पद्धतीने अंदाजपत्रकाची संपूर्ण प्रत, कराची मागणी व वसुली यांचा तक्ता आणि लेखापरीक्षण अहवालातील अनिर्णित आक्षेपांची यादी मागवावी. डिसेंबर 2025 मध्ये राज्यातील बहुतेक नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्याने दीर्घ प्रशासक राजवटीनंतर आता प्रश्न विचारायला सदस्य आणि थेट निवडून आलेले अध्यक्ष उपलब्ध आहेत. अंदाजपत्रक फेब्रुवारीत सभेपुढे येते, तेव्हा ही कागदपत्रे डिसेंबरपर्यंत हाती असतील अशा बेताने अर्ज करावा.